पुरळ आधी नीट पाहावे, मलम नंतर लावावे

वैशाखातला उकाडा ओसरता ओसरता आणि पहिला पाऊस पडू लागताच आमच्या बाह्यरुग्ण विभागात अंगावर पुरळ उठलेल्या मुलांची रीघ लागते, आणि या सदराकडे येणारी पत्रेही त्याच विषयाची असतात. ठाणे आणि नवी मुंबई ही दोन्ही शहरे खाडीकाठची. हवेतला दमटपणा वर्षातले बरेच महिने हटत नाही, घाम वाळत नाही, कपडे वाळत नाहीत आणि त्याचा पहिला भार मुलांच्या कोवळ्या त्वचेवर येतो. ठाण्यात बालरोगतज्ज्ञ म्हणून काम करताना मला पुरळापेक्षाही अधिक काळजी वाटते ती पुरळावर घाईने लावलेल्या मलमांची, म्हणून या वेळी आलेल्या पत्रांतून मी मुद्दाम अशी पत्रे निवडली आहेत, ज्यांच्या उत्तरांतून वाचकांना पुरळाकडे पाहायचे कसे हे कळेल. पत्रे थोडक्यात दिली आहेत.

प्रश्न : माझी मुलगी सात महिन्यांची आहे. जांघेत आणि ढुंगणावर लाल पुरळ आले म्हणून औषधाच्या दुकानातून एक ट्यूब आणली. दुकानदाराने ‘ही सगळ्यावर चालते’ असे सांगितले. दोन दिवसांत लाली गेली, पण आठवडाभरात परत आली. गेले अडीच महिने हेच चालू आहे. आता तिथली कातडी पातळ आणि चकचकीत दिसते. सासूबाई म्हणतात, डायपरच बंद कर. मी काय करू? (एक आई, ऐरोली)

उत्तर : पत्रासोबत तुम्ही दोन छायाचित्रे पाठवली आहेत, एक पुरळाचे आणि दुसरे शेपटीकडून गुंडाळत आणलेल्या त्या ट्यूबचे व तिच्या खोक्याचे. मला दुसरे छायाचित्र अधिक महत्त्वाचे वाटले. खोक्यावर बारीक अक्षरांत चार औषधांची नावे आहेत : बुरशीवरची दोन, जंतूंवरचे एक आणि चौथे क्लोबेटासॉल. हे क्लोबेटासॉल म्हणजे त्वचेवर लावण्याच्या स्टिरॉइडांपैकी सर्वांत तीव्र गटातले औषध आहे. मोठ्या माणसाच्या तळहातावरच्या जाड कातडीसाठीसुद्धा ते आम्ही मोजून, ठरावीक दिवसांपुरतेच देतो. सात महिन्यांच्या बाळाच्या जांघेत ते कधीही जाता कामा नये.

लाली दोन दिवसांत का गेली, हे समजून घ्या. पुरळ कशामुळेही आलेले असो, स्टिरॉइड त्याची सूज आणि लाली दाबून टाकते. कारण मात्र जागेवरच राहते. ते बुरशीचे असेल, तर त्वचेची स्वतःची झुंजण्याची ताकदही स्टिरॉइडाने मंदावलेली असल्याने बुरशीला उलट मोकळे रान मिळते आणि मलम थांबवले की पुरळ पहिल्यापेक्षा पसरून वर येते. मग आई पुन्हा तीच ट्यूब काढते, आणि त्यात तिचा काही दोष नाही, कारण तिच्या डोळ्यांदेखत तिनेच गुण आलेला असतो. त्यात बाळाची कातडी पातळ, वजनाच्या मानाने तिचे क्षेत्रफळ मोठ्या माणसाहून बरेच अधिक, आणि वरून डायपरचे प्लास्टिक, जे औषध आत मुरवण्याचेच काम करते. असे तीव्र स्टिरॉइड आठवडेच्या आठवडे रक्तात जात राहिले, तर मूत्रपिंडांवर असलेल्या ज्या ग्रंथी शरीराचे स्वतःचे स्टिरॉइड तयार करतात, त्यांचे काम सुस्तावते. चेहरा गोल होतो, वाढ खुंटते. म्हणूनच तुम्हाला एक गोष्ट निक्षून सांगते. ही ट्यूब आपल्याच मनाने एकदम बंद करून मोकळ्या होऊ नका, तर येत्या एक-दोन दिवसांत बाळाला आणि ट्यूबला घेऊन बालरोगतज्ज्ञांकडे जा. ती कशी थांबवायची हे ते ठरवतील. बाळ मलूल वाटले, दूध पिईनासे झाले किंवा उलट्या झाल्या, तर त्याच दिवशी जा.

असली बरीच स्टिरॉइड मलमे डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय विकता येऊ नयेत, असा बदल केंद्र सरकारने २०१८ मध्ये औषधांच्या नियमांत केला आहे. तरीही ती दुकानात सहज मिळतात, हे आपण सगळेच पाहतो, आणि याचा मला मनापासून राग येतो. तोवर आईवडिलांनी खोके वाचण्याची सवय लावून घ्यावी. बीटामेथासोन, बेक्लोमेथासोन, मोमेटासोन, फ्लुओसिनोलोन, क्लोबेटासॉल ही स्टिरॉइडांची नावे आहेत. क्लोट्रिमाझोल किंवा मायकोनाझोल अशी ‘झोल’वर संपणारी नावे बहुधा बुरशीवरच्या औषधांची असतात. दोन्ही प्रकारची नावे एकाच खोक्यावर दिसली, तर ते मलम डॉक्टरांनी तुमच्या बाळाला तपासून लिहून दिल्याखेरीज वापरू नये.

आता मूळ पुरळाविषयी. शी-शूच्या ओलाव्याने आणि घर्षणाने जे पुरळ येते, ते डायपर जिथे घट्ट टेकतो त्या उंचवट्यांवर, म्हणजे ढुंगणावर, ओटीपोटावर आणि मांड्यांच्या आतल्या बाजूला असते, आणि जांघेच्या घडीच्या आतली कातडी पुष्कळदा कोरी राहते. बुरशीचे पुरळ नेमके उलट, घडीतच गडद लाल असते आणि त्याच्या कडेने सुटे सुटे बारीक लाल ठिपके दिसतात. पहिल्या प्रकाराला औषध असे फारसे लागतच नाही. शी झाली की लगेच, आणि एरवी दर दोन-तीन तासांनी डायपर बदलावा, साध्या कोमट पाण्याने आणि कापसाने पुसावे, चोळू नये, टिपून कोरडे करावे, दिवसातून दोन-चार वेळा पंधरा-वीस मिनिटे बाळाला दुपट्यावर उघडे खेळू द्यावे आणि भाकरीवर लोणी लावावे तसे झिंक ऑक्साइडचे मलम जाडसर थापावे. पुढच्या वेळी ते सगळे खरवडून काढायचे नसते. मळलेला वरचा थर तेवढा पुसावा. दोन-तीन दिवसांत उतार पडला नाही किंवा घडीतली लाली आणि सुटे ठिपके दिसले, तर डॉक्टर निव्वळ बुरशीवरचे, स्टिरॉइड नसलेले मलम देतील.

सासूबाईंचे म्हणणे अर्धे बरोबर आहे. डायपरला थोडे दिवस सुट्टी दिल्यास फायदाच होतो. मात्र पावसाळ्यात गॅलरीत टांगलेले लंगोट दोन-दोन दिवस दमट राहतात, आणि असा दमट लंगोट डायपरहून वाईट. लंगोट वापरणार असाल तर साबण पूर्ण निघेपर्यंत खळबळा, पाण्यात जंतुनाशक द्रव घालू नका, कारण त्याचा अंश कापडात राहून कातडी भाजल्यासारखी होते, आणि वाळले नसतील तर इस्त्री फिरवूनच वापरा.

प्रश्न : नातू पाच महिन्यांचा आहे. त्याची मान आणि पाठ घामोळ्यांनी भरली आहे. मी पावडर लावते आणि डाळीच्या पिठाने चोळून आंघोळ घालते. सून म्हणते दोन्ही नको, आणि ती त्याला एसीत निजवते. एसीने बाळाला सर्दी होणार नाही का? आमच्या वेळी पावडरीनेच बरे व्हायचे. (एक आजी, नौपाडा)

उत्तर : आजी, नातवासाठी तुम्ही करता आहात ते सगळे मायेपोटी आहे, पण या वेळी सूनबाईंचे ऐकावे असे मी म्हणेन. घामोळे म्हणजे घाम बाहेर येण्याची बारीक वाट बुजणे. वाट बुजली की घाम कातडीतच साचतो आणि त्याची पुटकुळी होते. पावडर घामात भिजून त्याच वाटांत बसते. शिवाय डबा झटकताना उडणारी पावडर बाळाच्या श्वासातून फुप्फुसात जाते, आणि हे घामोळ्यापेक्षा कितीतरी गंभीर आहे. डाळीच्या पिठाने चोळल्यावर आधीच चिडलेली कातडी सोलते. आमच्या पिढीची घामोळी पावडरीने बरी होत नव्हती. ती गच्चीवरच्या वाऱ्याने आणि पहिल्या पावसाच्या गारव्याने बरी होत होती, आणि श्रेय पावडरीला जात होते.

बाळाला गार ठेवणे हाच घामोळ्यावरचा उपाय आहे. एसी सव्वीस अंशांच्या आसपास ठेवा, झोत थेट अंगावर येऊ देऊ नका. एसीने सर्दी होत नाही, सर्दी विषाणूंनी होते. एसी नसेल तर पंखा, सुती झबले आणि दिवसातून दोनदा साध्या पाण्याची आंघोळ पुरते. टोपडे, पायमोजे आणि घट्ट गुंडाळणे उन्हाळ्यात बंद. मालीश करायची असेल तर खोबरेल तेलाने हलक्या हाताने, आंघोळीच्या आधी करावी आणि नंतर तेल धुऊन काढावे. पुरळ असेपर्यंत मान व पाठ वगळावी. अशाने चार-पाच दिवसांत घामोळे वाळते. पुटकुळ्या पिकून पिवळ्या झाल्या, दुखू लागल्या किंवा ताप आला, तर दाखवावे.

प्रश्न : मे महिन्यात आम्ही सगळे गावी लग्नाला जाऊन आलो. त्यानंतर तीन आठवड्यांनी माझ्या दीड वर्षाच्या मुलाच्या हातापायांवर पुरळ उठले. रात्री तो खाजवून खाजवून रडतो. आता मला आणि बायकोलाही खाज सुटते. डॉक्टरांनी खरूज असल्याचे सांगितले आणि लोशन दिले. मुलाला लावले, पण पंधरा दिवसांत पुन्हा तेच. आमचे घर अगदी स्वच्छ आहे, मग हे कसे झाले? (एक वडील, घणसोली)

उत्तर : शेवटच्या वाक्यातला संकोच मी ओळखते, म्हणून आधी त्याचे उत्तर देते. खरूज अस्वच्छतेने होत नाही. ती कातडीत बीळ करून राहणाऱ्या, डोळ्यांना जेमतेम दिसेल न दिसेल अशा किड्याने होते, आणि तो कातडीला कातडी लागून, जवळ झोपून, मांडीवर घेऊन पसरतो. लग्नघरात एका गादीवर सहा-सात मुले झोपतात, तेवढे त्याला पुरते. पहिल्यांदाच लागण होत असेल तर खाज सुटायला चार ते सहा आठवडेही लागू शकतात, त्यामुळे कुणाकडून आली याचा शोध घेत बसू नये.

निदान तुमच्या डॉक्टरांनी बरोबर केले आहे. रात्री वाढणारी खाज आणि घरातल्या एकाहून अधिक माणसांना खाज या दोन गोष्टी एकत्र आल्या की आम्ही प्रथम खरजेचाच विचार करतो. मुलाचा हात उजेडात धरून बोटांच्या बेचक्यांत आणि मनगटाच्या आतल्या बाजूला पाहिले, तर पेन्सिलीने ओढल्यासारख्या, अर्धा-एक सेंटिमीटर लांबीच्या वाकड्या रेषा दिसतात. ती किड्याची बिळे. मोठ्या माणसांत चेहरा आणि तळवे सहसा सुटतात, पण दोन वर्षांच्या आतल्या मुलांत तळपाय, तळहात, डोके आणि चेहरा यांवरही पुरळ येते, आणि नेमके तिथेच लोशन लावायचे राहून जाते.

तुमच्याकडे उपचार फसला तो औषधामुळे नव्हे, तो एकट्या मुलावर झाला म्हणून. घरातल्या प्रत्येकाने, खाज असो वा नसो, एकाच रात्री औषध लावायला हवे. त्यात आजी-आजोबा आले, आणि मुलाला दिवसभर सांभाळणाऱ्या ताईसुद्धा आल्या. खरजेसाठी बहुधा ५ टक्क्यांचे परमेथ्रिन देतात आणि ते दोन महिन्यांपुढच्या बाळांना चालते. मोठ्यांनी मानेपासून पायाच्या बोटांपर्यंत, तर तान्ह्या आणि लहान मुलांना डोळे व तोंड वगळून डोक्यापासून पायापर्यंत लावावे. नखांच्या खाली, बेंबीत, बोटांच्या बेचक्यांत, लघवीच्या जागेभोवती अशी एकही जागा सोडू नये. अंग कोरडे असताना रात्री लावून आठ ते बारा तासांनी, म्हणजे सकाळी, धुवावे. मुलाने हात चोखला किंवा मध्येच हात धुतले तर तिथे पुन्हा लावावे. हातांत सुती मोजे घातले तर बरे. अंगावर पाजणाऱ्या आईने पाजण्याआधी स्तनाग्रे पुसून घ्यावीत. एका आठवड्याने सगळ्यांनी पुन्हा एकदा हेच करायचे.

हा किडा माणसाच्या अंगाबाहेर दोन-तीन दिवसांहून अधिक जगत नाही. म्हणून औषध लावण्याआधीच्या तीन दिवसांत वापरलेले कपडे, चादरी आणि दुपटी गरम पाण्यात धुवावीत, आणि जे धुता येत नाही, जसे कापसाचे खेळणे किंवा गोधडी, ते प्लास्टिकच्या पिशवीत तोंड बांधून चार दिवस ठेवून द्यावे. घरभर कीटकनाशक फवारण्याची गरज नाही. आणि उपचार नीट झाला तरी खाज दोन ते चार आठवडे रेंगाळते, कारण मेलेल्या किड्यांच्या अंशांवर कातडीची प्रतिक्रिया चालूच असते. ही खाज म्हणजे औषध लागू पडले नाही असे समजून पुन्हा पुन्हा लोशन लावू नका. नवीन पुरळ उठते आहे का, एवढेच पाहा.

प्रश्न : माझ्या दहा महिन्यांच्या मुलाचे गाल चार महिन्यांचा असल्यापासून लाल आणि खरबरीत आहेत, आता कोपरांच्या घडीतही आले आहे. एक्झिमा आहे असे सांगितले. नातेवाइकांच्या सांगण्यावरून मी अंडी, दूध, वांगे, शेंगदाणे सगळे सोडले आहे. मला अशक्तपणा वाटतो, पण बाळात फरक नाही. स्टिरॉइडचे मलम दिले आहे, ते लावायची भीती वाटते. (एक आई, घोडबंदर रोड)

उत्तर : आधी तुम्ही जेवायला लागा. अंगावर पाजणाऱ्या आईने चाचपडत एकेक पदार्थ सोडत गेल्याने एक्झिमा बरा होत नाही, आई मात्र खंगते. काही मुलांत, विशेषतः एखादा पदार्थ खाल्ल्यावर काही मिनिटांपासून दोन तासांच्या आत अंगावर गांधी उठत असतील, ओठ सुजत असतील किंवा उलट्या होत असतील, तर अन्नाच्या ॲलर्जीचा विचार करावा लागतो. पण तो तपासून, एका पदार्थापुरता आणि ठरावीक मुदतीपुरता करायचा असतो.

एक्झिमा हा मुळात कातडीच्या बांधणीतला उणेपणा आहे. विटांच्या भिंतीतला चुना झिजावा तशी ही कातडी असते. आतली ओल बाहेर जाते आणि बाहेरचा घाम, साबण, धूळ आत शिरून खाज सुटते. खाजवले की भिंत आणखी फुटते. म्हणून उपचाराचा पाया आहे तो रोज, पुरळ नसतानाही, भरपूर ओलावा देणाऱ्या मलमाचा. आंघोळ कोमट पाण्याने, पाच ते दहा मिनिटांत उरकावी, साबणाऐवजी वास नसलेला सौम्य क्लिन्झर वापरावा, पंचाने टिपावे आणि अंग जरा ओलसर असतानाच, दोन-तीन मिनिटांच्या आत, वास नसलेले मॉइश्चरायझर अंगभर लावावे. दिवसातून निदान दोनदा. छोटी बाटली महिनाभर पुरली, तर ते कमी लागले असे समजावे. एवढ्या बाळाला आठवड्याला शंभर ग्रॅमपर्यंत लागू शकते. साधे पेट्रोलियम जेली स्वस्त पडते आणि चांगले काम करते, दमट महिन्यांत मात्र चिकट वाटले तर पातळ क्रीम घ्यावे. खोबरेल तेल चालते. मोहरीचे आणि ऑलिव्हचे तेल अशा कातडीला लावू नये.

आता स्टिरॉइडाची भीती. ऐरोलीच्या ताईंना मी ज्याच्याविरुद्ध एवढे लिहिले, तेच औषध तुम्हाला लावा म्हणते आहे, हे विचित्र वाटेल, म्हणून फरक स्पष्ट करते. तुमच्या चिठ्ठीवर १ टक्का हायड्रोकॉर्टिसोन आहे. ते सर्वांत सौम्य गटातले आहे, निदान झाल्यावर दिलेले आहे आणि त्याला मुदत आहे. लाल, खाजऱ्या जागी डॉक्टरांनी सांगितले तेवढे दिवस ते लावले नाही, तर बाळ रात्ररात्र खाजवते, कातडी फुटते आणि तीत जंतू शिरतात. प्रमाणही सोपे आहे : ट्यूबमधून मोठ्या माणसाच्या तर्जनीच्या शेवटच्या पेऱ्याएवढी मलमाची रेघ काढली, तर ती मोठ्या माणसाच्या दोन तळहातांएवढ्या जागेला पुरते. भीतीपोटी त्याहून कमी लावल्याने मुदत उलट लांबते.

बहुतेक मुलांत वाढत्या वयाबरोबर एक्झिमा मंदावतो. तोवर नखे कापलेली ठेवा आणि लोकरीचे व जरीचे कपडे थेट अंगाला लागू देऊ नका. बारशाच्या आणि वाढदिवसाच्या कपड्यांच्या आत सुती झबले असावे.

प्रश्न : तीन वर्षांच्या मुलीने आंबा चोखून खाल्ला आणि दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी ओठांभोवती लाल, खाजरे पुरळ उठले. तिला आंब्याची ॲलर्जी आहे का? (एक आई, तुर्भे)

उत्तर : बहुधा आंब्याच्या गराची नव्हे, सालीची आणि देठाशी असलेल्या चिकाची. आंबा, काजू आणि बिब्बा ही एकाच कुळातली झाडे आहेत आणि त्यांच्या चिकांतली दाहक द्रव्ये एकमेकांशी मिळतीजुळती आहेत. आंबा तासभर पाण्यात ठेवून, देठाकडचा भाग कापून टाकून, साल काढून फोडी करून द्यावा आणि खाल्ल्यावर तोंड-हात धुवावेत. आंबा खाल्ल्यावर लगेच ओठ सुजणे, अंगावर गांधी उठणे किंवा धाप लागणे हे मात्र वेगळे आहे आणि त्याला डॉक्टरच हवेत. बिब्ब्याचा उल्लेख आलाच आहे तर सांगते, कुठल्याही दुखण्यावर मुलाला बिब्बा लावू नका. पोटावर बिब्ब्याचे डाग दिलेली, भाजून फोड आलेली तान्ही बाळे मी पाहिली आहेत, आणि ते चित्र डोळ्यांपुढून जात नाही.

प्रश्न : पाळणाघरातल्या तीन मुलांना एकाच आठवड्यात तळहात, तळपाय आणि ढुंगणावर फोड आले. माझ्या मुलालाही आले, तोंडातही फोड आहेत. कुणी कांजिण्या म्हणते, कुणी टोमॅटो फ्लू. (एक आई, कोपरखैरणे)

उत्तर : वर्णनावरून हा हात-पाय-तोंडाचा आजार आहे, ज्याला आम्ही हँड फूट माउथ म्हणतो. २०२२ मध्ये टोमॅटो फ्लू नावाने ज्याची चर्चा झाली, तोही तपासण्यांत बऱ्याच अंशी हाच निघाला. कांजिण्यांचे पुरळ छातीपोटावर दाट असते आणि एकाच वेळी ठिपका, पाण्याचा फोड आणि खपली अशा तिन्ही अवस्था दिसतात. इथे फोड हातापायांवर आणि तोंडात असतात. कॉक्सॅकी आणि त्याच्या भावंड विषाणूंमुळे होणारा हा आजार बहुतेक मुलांत सात ते दहा दिवसांत आपोआप बरा होतो. अँटिबायोटिकचा उपयोग नाही. खरा धोका असतो तो तोंड दुखते म्हणून मूल पाणी पीत नाही याचा. गार ताक, दहीभात, पातळ पेज घोटाघोटाने देत राहा, तिखट-आंबट टाळा आणि तापासाठी व दुखण्यासाठी वजनाप्रमाणे पॅरासिटामॉल द्या. सहा-आठ तासांत लघवी झाली नाही, ताप तीन दिवसांहून अधिक टिकला, मूल झोपेत दचकू लागले किंवा चालताना झोक जाऊ लागला, तर लगेच दाखवा. ताप जाऊन फोड वाळेपर्यंत पाळणाघरात पाठवू नये, आणि विष्ठेतून विषाणू पुढे काही आठवडे जात राहतो, म्हणून शी धुतल्यावर साबणाने हात धुणे सोडू नये. महिना-दीड महिन्याने एखाद-दुसरे नख सुटून आले तर घाबरू नका; खालून नवे येते.

प्रश्न : सहा वर्षांच्या नातीच्या गालांवर फिकट पांढरे डाग आहेत. कॅल्शियम कमी आहे की जंत? कोड तर नाही ना? (एक आजोबा, नेरूळ)

उत्तर : कॅल्शियमही नाही आणि जंतही नाहीत. फिकट, कडा अस्पष्ट असलेले, किंचित खरबरीत डाग उन्हात खेळणाऱ्या मुलांत अतिशय सामान्य आहेत. मॉइश्चरायझर आणि उन्हापासून बचाव एवढ्याने ते काही महिन्यांत मिटतात. कोडाचा डाग दुधासारखा पांढरा आणि ठळक कडांचा असतो. डाग तसा असेल, वाढत असेल किंवा त्या जागी स्पर्श कमी कळत असेल, तर त्वचारोगतज्ज्ञांना दाखवा.

प्रश्न : गेल्या महिन्यात माझ्या सव्वा वर्षाच्या मुलाला चार दिवस ताप, खोकला आणि लाल डोळे होते, मग कानांमागून पुरळ सुरू होऊन अंगभर पसरले. घरातल्यांनी देवी आल्या म्हणून औषध आणि आंघोळ दोन्ही बंद केले, उशाशी कडुलिंबाचा पाला ठेवला. मी भांडून दवाखान्यात नेले तेव्हा गोवर असल्याचे कळले. त्याची लस राहिली होती. धाकटी भाची आठ महिन्यांची आहे. पुरळ धोक्याचे आहे हे घरी कसे ओळखावे? (एक आई, कळवा)

उत्तर : तुम्ही भांडलात ते योग्यच केले. घरातल्यांच्या श्रद्धेचा मला अनादर करायचा नाही. पाला उशाशी राहिला तरी बिघडत नाही, पण औषध, पाणी आणि आंघोळ थांबता कामा नये. गोवर हा साधा आजार नाही. २०२२ च्या अखेरीस मुंबईत आणि आपल्या शेजारी भिवंडीत जी साथ आली, तीत लस न मिळालेली बालके दगावली. गोवरात न्यूमोनिया आणि जुलाब होतात, डोळ्यांना इजा होते, आणि पुरळ गेल्यावरही काही आठवडे, कधी कित्येक महिने मूल इतर आजारांना सहज बळी पडते. म्हणून गोवराच्या प्रत्येक मुलाला लागोपाठ दोन दिवस अ जीवनसत्त्वाचा डोस देतात. तुमच्या मुलाला तो मिळाला होता का, हे कागदपत्रांत पाहा. गोवर-रुबेलाची लस नऊ महिने पूर्ण झाल्यावर आणि दुसरी सोळा ते चोवीस महिन्यांच्या दरम्यान सरकारी केंद्रांत मोफत मिळते. तुमच्या मुलाचे राहिलेले डोस कधी द्यायचे ते डॉक्टरांना विचारून घ्या. भाचीला नऊ महिने पूर्ण होताच न्या. आसपास साथ असेल, तर सहा महिन्यांनंतरही एक जादा डोस देण्याचा निर्णय आरोग्य खाते घेते, तोही चुकवू नका, मात्र तो घेतल्यावरही नंतरचे दोन्ही डोस घ्यावेच लागतात.

आता धोक्याचे पुरळ. एक पारदर्शक काचेचा पेला घेऊन त्याची बाजू पुरळावर दाबा. काचेतून पाहताना डाग फिका पडला, तर रक्त वाहिन्यांतच आहे. दाबूनही लाल-जांभळा ठिपका तसाच राहिला, तर रक्त कातडीत पाझरले आहे, आणि अशा ठिपक्यांसोबत ताप असेल तर सकाळची वाट न पाहता रुग्णालय गाठावे. सावळ्या मुलांत लाली सहज दिसत नाही, म्हणून तळपाय, तळहात आणि पापणीची आतली बाजू पाहावी. पावसाळ्यात डेंग्यूचे पुरळ अनेकदा ताप उतरताना येते, आणि ताप उतरला म्हणून घर निश्चिंत होते तोच काळ सर्वांत जोखमीचा असतो. पोटात दुखणे, सतत उलट्या, हातपाय गार पडणे, नाका-हिरड्यांतून रक्त किंवा विलक्षण सुस्ती दिसली तर थांबू नये. पाच दिवस न उतरणारा ताप, पू नसलेले लाल डोळे, भेगाळलेले लालभडक ओठ आणि सुजलेले हातपाय हे कावासाकी आजाराचे चित्र असू शकते, ज्यात हृदयाच्या रक्तवाहिन्यांना इजा होते आणि पहिल्या दहा दिवसांत उपचार मिळाल्यास ती बरीच टाळता येते. गांधी उठण्यासोबत ओठ-जीभ सुजली, आवाज बसला किंवा धाप लागली, तर आमसुलाचे पाणी लावत बसू नका, १०८ ला फोन करा. तीन महिन्यांच्या आतल्या बाळाला पुरळासोबत ताप असेल, तर बाकी काही दिसत नसले तरी त्याच दिवशी दाखवायचे.

आणि दवाखान्यात येताना पुरळाचे पहिल्या दिवशी, दिवसाउजेडी काढलेले छायाचित्र, लसीचे कार्ड आणि आतापर्यंत लावलेल्या सगळ्या ट्यूब व पुड्या, अगदी शेजारणीने दिलेल्यासुद्धा, एका पिशवीत घालून आणा. येण्याच्या दिवशी सकाळी मात्र अंगाला काहीही लावू नका, म्हणजे आम्हाला कातडी जशी आहे तशी दिसेल.